कुरुदची शेवटची गोळी

उकडलेल्या अंड्यांचा वास आला की मला भिलाईतल्या कुरुदची ती गल्ली आठवते. तिथे मी घरोघरी टीबीच्या गोळ्या द्यायला जायची. हळूहळू बाकी सगळे बरे झाले आणि गोळ्या चालू असलेली एकच म्हातारी काकू उरली. नवरा वारलेला, मुलगा आजाराच्या भीतीने भिलाई-3 ला वेगळा राहायला गेलेला. ताकदीसाठी ती रोज अंडं खायची आणि माझ्यासाठीही एक उकडून ठेवायची. तिचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला. मी आनंदाने म्हटलं, "काकू, तुमी बऱ्या झाल्या! गोळ्या बंद." ती हसली नाही. "मंग आता तू कावून येशीन वं? गोळ्यांशिवाय माह्याकडे कोन येते?" "तुमाले भेटायले येईन ना," मी म्हटलं. आता त्या गल्लीत टीबीचा एकही पेशंट नाही. तरी दर रविवारी मी जाते. स्मृति नगरच्या माझ्या घरीही वाट पाहणारं कुणी नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.