सभेऐवजी बस

धारहून इंदूरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एक वयस्क ज्यू गृहस्थ रोज भेटायचे. मराठी अगदी आपल्यासारखंच, बरं का! फोनचा स्पीकर लावून ते ठाण्याच्या एका मुलाची तयारी करून घेत. तेरा वर्षं पूर्ण झाली की त्याला प्रार्थनेला जमलेल्या सभेपुढे हिब्रू धर्मग्रंथ गाऊन वाचायचा होता; आपली मुंज असते ना, तसंच काहीसं. चाल धरायला ते चष्म्याच्या डबीवर बोटं वाजवत.

"अहो, घरी शिकवा की! इथे केवढा कलकलाट!" मी म्हटलं.

"काकू, आमच्यात वाचणारा चुकला की सभा तिथल्या तिथे ओरडून सुधारते. हा मुलगा टोकलं की गप्पच होतो. गलक्याची सवय व्हावी, म्हणून बस."

मग काय! महिनाभरात चाल आम्हा सगळ्यांना पाठ. मुलगा घसरला की कंडक्टर तिकिटं सोडून इंदुरी हिंदीत ओरडे, "भिया, ग़लत!" अन् फोन गप्प.

तयारीच्या शेवटच्या दिवशी गृहस्थ स्वतःच चुकले. मुद्दाम की काय, देव जाणे. फोनमधून मुलगाच ओरडला, "काका, चुकलात!" काका हसले आणि सुधारून पुढे गात राहिले.

मग मुलगा चुकला. अख्खी बस ओरडली, सगळ्यांत मोठ्यानं मी. तो खुदकन हसला, सुधारलं, गातच राहिला.

गृहस्थांनी डबी खिशात टाकली.