वेलांटीबाई आणि पुसलेली बातमी

वेलांटीबाईंचं खरं नाव छापखान्यात फार थोड्यांना ठाऊक होतं. हे टोपणनाव त्यांना नोकरीच्या तिसऱ्या वर्षी चिकटलं. शहरातल्या एका दैनिकात त्या मुद्रितशोधक होत्या. पान छापायला जाण्याआधी त्यावरून शेवटचा डोळा फिरायचा तो त्यांचा. एकदा पान मशीनवर चढलं, कागद सुटायला लागले, आणि पहिल्याच प्रतीवर त्यांना मथळा दिसला : ‘कामगार दीन उत्साहात साजरा’. बाई धावत जिना उतरल्या आणि त्यांनी मशीन थांबवायला लावलं. मशीन चालवणारा कपाळाला हात लावून म्हणाला, “बाई, कधी नव्हे ते खरं छापलं होतं. कशाला थांबवलंत?” सगळा छापखाना खो खो हसला. बाईही हसल्या, पण वेलांटी बदलूनच वर गेल्या.

बत्तीस वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि त्याच सुमारास कागदावरचं दैनिकही बंद पडलं. त्याचं संकेतस्थळ झालं. आता बातम्या फोनवर यायच्या, आणि छोट्या बातम्या तर संगणकच लिहायचा. पालिकेची सूचना त्याच्यात टाकली की दोन मिनिटांत बातमी तयार. बाईंची सवय मात्र जाता जाईना. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात पेन्सिल असा त्यांचा थाट. फोनवर खूण करता येत नाही म्हणून त्यांनी वही केली होती.

“आई, तुम्ही बातम्या वाचता की पेपर तपासता?” सून विचारायची.

“मला वेगळं येतच नाही गं.”

या वहीमुळेच त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी वाचलेली बातमी दुपारी तीच राहत नव्हती. आकडा बदलायचा, एखादं नाव गळायचं, कधी पूर्ण परिच्छेद गायब. आणि बदल केलाय असं कुठे अक्षरही नसायचं. बाई दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लिहून ठेवू लागल्या. सून म्हणाली, “तुम्हाला छंद मिळाला.” बाई म्हणाल्या, “छंद कसला, खाज आहे.”

मग तो मंगळवार उजाडला. फोन उघडला तर पहिलीच बातमी : ‘जलतरण तलावाच्या ज्येष्ठ प्रशिक्षकांचे निधन. शनिवारी अखेरचा निरोप.’

बाईंच्या हातातला कप टेबलावर आदळला. या मास्तरांनी त्यांना पंचावन्नाव्या वर्षी पोहायला शिकवलं होतं. पहिले तीन आठवडे त्या काठाची दांडी सोडायला तयार नव्हत्या आणि मास्तर रोज तेच म्हणायचे, “बाई, पाणी काही चावत नाही. तुम्हीच दांडीला चावताय.” डोळे पुसत त्यांनी कपडे बदलले, कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरी फुलं घेतली आणि मास्तरांचं घर गाठलं.

दार मास्तरांनीच उघडलं. अर्धी विजार, खांद्यावर टॉवेल, तोंडात टूथब्रश.

बाईंनी फुलं पाठीमागे लपवली. मास्तरांनी ब्रश काढला. “या, या! तुम्ही दहाव्या. फुलं तिकडे बादलीत ठेवा, फुलदाण्या संपल्या.”

खरंच बादलीभर फुलं होती. मास्तरांनी सगळा प्रकार सांगितला तेव्हा बाई हसून हसून खुर्चीत कलंडल्या. मास्तर या महिन्यात निवृत्त होत होते. पालिकेने सूचना काढली होती, ‘तलावाच्या प्रशिक्षकांना शनिवारी निरोप’. संगणकाने पदरचा ‘अखेरचा’ त्यात घातला आणि त्यावर पुढची बातमी रचून टाकली.

“शेजारच्यांनी तर मला बघून किंकाळी मारली,” मास्तर म्हणाले. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “बहिणीचं मात्र वाईट वाटलं हो. ती दुसऱ्या गावी असते. तिने वाचलं आणि रडत रडत फोन केला, घरात कुणीतरी उचलेल म्हणून. मीच उचलला. माझा आवाज ऐकून तिच्या हातून फोनच पडला. तासभर मला कळेना की आता तिची काळजी करायची की माझी.”

बाईंचं हसू ओसरलं.

घरी येऊन त्यांनी फोन उघडला, तर निधनाची बातमी नाहीशी झाली होती. तिच्या जागी ‘प्रशिक्षकांचा शनिवारी निरोप समारंभ’, आणि बातमी टाकल्याची वेळ तीच, सकाळी सातची. जणू पहिल्यापासून तेच लिहिलं होतं.

“झालं की दुरुस्त,” सून म्हणाली.

“दुरुस्त कुठे? पुसलंय नुसतं. ज्यांनी सकाळी वाचलं ते अजून मास्तरांना मेलेलंच धरून चाललेत.” बाईंनी वही पिशवीत टाकली आणि चपला पायात सरकवल्या.

संकेतस्थळाची कचेरी एका दवाखान्याच्या वर होती. चार टेबलं, आठ पडदे आणि खिडकीत सुकत चाललेली एक कुंडी. संपादिका कधीकाळी बाईंच्या हाताखाली शिकायला आलेली होती. तिने कानावरचा फोन बाजूला केला आणि उठून उभी राहिली.

“ताई! तुम्ही?”

“मास्तर मेले म्हणून फुलं घेऊन गेले होते, पण ते दात घासत होते.”

संपादिकेने डोळे मिटून घेतले. “कळलं आम्हाला. लगेच काढली हो बातमी. ती संगणकाने केली होती.”

“संगणकाला घर आहे? फोन आहे? मास्तरांच्या बहिणीने जाब कुणाला विचारायचा?”

“ताई, आम्ही चार माणसं आहोत. दिवसाला दीडशे बातम्या जातात. आणि चूक झाली म्हणून पाटी लावली, तर आमच्यावर विश्वास कोण ठेवणार?”

बाईंनी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. अकरा आठवडे, त्रेसष्ट बदल. संपादिका पानं उलटू लागली. सुरुवातीला तिला हसूच येत होतं. एका बातमीत नव्या पुलाची लांबी बारा किलोमीटर झाली होती, दुसरीत उद्यानातल्या बदकांना पालिकेने नोटीस दिली होती. मग एका पानावर तिचं बोट थांबलं. सकाळी : ‘उत्तरेकडच्या पाण्याच्या टाकीचं काम सहा महिन्यांपासून रखडलं’. दुपारी : ‘टाकीचं काम प्रगतिपथावर’.

“हे संगणकाने केलं?” बाईंनी विचारलं.

संपादिकेने त्या ओळीवरचं बोट उचललं. मग म्हणाली, “नाही. पाणी विभागातून फोन आला होता. तिथले साहेब फार चिडले होते. आधी लिहिलेलं खरं होतं.”

“म्हणजे चूकही त्याच बोळ्याने पुसायची आणि खरंही त्याच बोळ्याने.”

संपादिकेचे कान लाल झाले. बाईंना वाटलं, आता ही आपल्याला दार दाखवणार. पण तिने खुर्ची ओढली आणि शेजारचं टेबल हाताने साफ केलं. “मग बसा इथे. सकाळचे दोन तास. तुम्ही म्हणाल तसं पान काढू.”

बाई बसायच्या तयारीने आल्या नव्हत्या, पण बसल्या. दोघींनी मिळून पानाला नाव दिलं, ‘आमचं चुकलं’. आधी काय लिहिलं होतं, आता काय आहे, कधी बदललं, का बदललं आणि कुणी तपासलं, एवढं सगळं त्यावर द्यायचं ठरलं. संगणकाच्या बातमीवरही ती तपासणाऱ्या माणसाचं नाव घालायचं.

पहिली नोंद मास्तरांची. बाईंनी बुधवारी ती मन लावून लिहिली : मास्तर ठणठणीत आहेत, एकतीस वर्षं शिकवून निवृत्त होत आहेत, त्यांच्या कुटुंबाची आम्ही माफी मागतो. पान झळकलं. बाईंना नोकरीच्या पहिल्या दिवसासारखं वाटत होतं.

अर्ध्या तासात मास्तरांचा फोन. “बाई, एकोणतीस हो, एकोणतीस! आधी मारलंत, आता दोन वर्षं फुकट राबवलंत!”

आकडा त्यांनी आठवणीवर लिहिला होता, कुणालाही न विचारता. समोर संगणक उघडाच होता. एक शब्द बदलायचा, एक कळ दाबायची. अजून कुणाच्या लक्षातही आलं नसेल. दुरुस्तीच्या पहिल्याच नोंदीत चूक, आणि तीही त्यांची! मशीन थांबवणाऱ्या बाईंची! त्यांचा हात कळीपर्यंत गेलासुद्धा.

संपादिका पलीकडून बघत होती. “बदलू का गुपचूप?” तिने अगदी निरागसपणे विचारलं.

“गप्प बस,” बाई म्हणाल्या, आणि दुसरी नोंद लिहायला घेतली. ‘वरच्या नोंदीत एकतीस वर्षं म्हटलं होतं. ती एकोणतीस आहेत. चूक माझी.’ खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं. छापखान्यातल्या बहुतेक जुन्या मंडळींना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मशीन चालवणाऱ्याचा निरोप आला, “आज मी थांबवायला हवं होतं.” कचेरीत इतकं हसू उसळलं की खालच्या दवाखान्यातून कुणीतरी वर येऊन बघून गेलं.

आणि विश्वास उडेल म्हणणाऱ्या संपादिकेने शुक्रवारी आकडे पाहिले, तर ‘आमचं चुकलं’ हेच सगळ्यांत जास्त वाचलेलं पान होतं. मग तिनेच तिसरी नोंद लिहिली, स्वतःच्या नावाने : पाणी विभागातून फोन आल्यावर आम्ही टाकीबद्दलचं खरं वाक्य काढलं होतं. ते आम्ही परत घालत आहोत. काम आजही रखडलेलंच आहे.

साहेब तासाभरात कचेरीत हजर. आवाज चढवून आले, वही पाहिली, खुर्चीत बसले, आणि जाताना काम पुरं करायची तारीख देऊन गेले. तारीख छापली. ती टळली, तेव्हा तेही छापलं. पुढच्या तारखेला मात्र टाकी भरली, आणि उत्तरेकडच्या एका आजींनी बाईंना फोन करून नुसता नळाचा आवाज ऐकवला. पण ते सगळं पुढच्या महिन्यांतलं.

त्या शनिवारी तलावावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिवंत मास्तर बघायला म्हणून कधी न पोहलेली माणसंही आली होती. मास्तरांनी शिट्टी फुंकून जाहीर केलं, की ज्यांनी ज्यांनी फुलं आणली त्यांनी पाण्यात उतरायचं. पहिल्या वेलांटीबाई उतरल्या. संपादिकेला पोहता येत नव्हतं, ती काठाच्या दांडीला घट्ट धरून ओरडत होती आणि मास्तर तिला दांडी सोडायला लावत होते.

बाई डोकं पुसत बाहेर आल्या तेव्हा एक ठेंगणीशी बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मास्तरांची बहीण.

“तुम्हीच का ते पान काढता?”

“हो,” वेलांटीबाई जरा घाबरतच म्हणाल्या. “तुम्हाला फार त्रास झाला. माफ करा.”

“माफी वाचली मी. चार वेळा वाचली,” ती म्हणाली. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, “माझं एक काम कराल? ती निधनाची बातमी आणि खालची माफी, दोन्ही मोठ्या अक्षरांत कागदावर छापून द्या. भिंतीवर लावायचीय. लहानपणापासून हा माझं एक अक्षर ऐकत नाही. आता ऐकलं नाही, की त्याला त्या भिंतीसमोर उभा करणार आहे.”