रूळ उखडलेल्या वाटेवर

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी कळंबच्या शाळेत शिकवते, राहतेही गावातच. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, पण सपाट जागेवर. आमच्याकडे सपाट जागा आणायची कुठून? रस्त्यावर खड्डे, बांधावर ढेकळं. मी घरातच भिंत धरून फेऱ्या मारायचे आणि सगळ्यांवर चिडायचे.

शेजारच्या तात्यांना ते दिसत असावं. पूर्वी आमच्या शिवारातून ऊस वाहणारी छोटी रेल्वे कारखान्याला जायची. तिचे रूळ सांभाळण्यात तात्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे ट्रॅक्टर आले आणि रूळ उखडून नेले. एक दिवस ते दारात येऊन म्हणाले, "बाई, आमच्या लायनीवर चाला. रूळ न्हाईत, पण वाट हाय. भरल्या डब्यांना चढ झेपत नव्हता, म्हणून आमी दोरी लावून पातळीत केलीया."

"तिथं बाभळी माजल्यात, तात्या."

"त्या माझ्याकडं लागल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर शंभरेक पावलांची वाट मोकळी झाली होती. कोयता बाजूला ठेवून तात्या माझ्याबरोबर चालले. मग रोज थोडी थोडी वाट पुढे सरकत गेली. मला जेवढं झेपेल तेवढंच ते साफ करत, एक पाऊल जास्त नाही.

महिन्याभराने ओढ्यावरची दगडी मोरी आली. तिला कठडा नव्हता. माझे पाय थांबले.

"हितनं उसानं भरलेलं डबं गेल्यात," तात्या म्हणाले. "तुमचं वजन किती आसंल?"

कित्येक महिन्यांनी मी हसले आणि हसतच मोरी ओलांडली. पलीकडे गेल्यावर मात्र रडू आवरेना. तात्या उसाकडे बघत उभे राहिले.

जूनमध्ये मी पुन्हा शाळेत रुजू झाले. त्या संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले.

"मी काय केलं?" ते म्हणाले. "लायनीवर कुणीतरी चाललं, मलाच बरं वाटलं."

आता गल्लीतल्या चौघीजणी माझ्याबरोबर येतात. तात्या मोरीवर बसून असतात. वाटेतला दगड बाजूला न करता कुणी पुढे गेलं, तर तिला मागे बोलावतात.