आत्याचा फोटो कुठं लावलाय

हे मी शर्वरीताईंना सांगितलेलं नाही. आत्याला तर नाहीच. बायकोलाही नाही. ती विचारते, गावचा फोन आला की तुमचं तोंड असं कामून होतं? मी म्हणतो, रेंज नाही नीट. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलवतंय बहुतेक.

मी उदगीरकडचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. फिरत फिरत मालवणच्या बाजूला आलो आणि एका लॉजवर ताटं धुवायला लागलो. आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं, आणि इथं नजरेत मावेना एवढा समुद्र. कितीतरी दिवस मी त्याच्याकडं पाठ करूनच काम केलं.

शर्वरीताई त्याच लॉजवर उतरायच्या. त्या फोटोग्राफर, पण त्यांचं प्रदर्शन भिंतीवर नसतं, समुद्राच्या तळाशी असतं. जाड पारदर्शक फळ्यांत फोटो सीलबंद करायचा, चौकटीत बोल्टनं कसायचा, चौकट खाली वाळूत रोवायची. बघणारे पाठीला हवेची टाकी बांधून उतरतात. मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, "भिंतीवरचा फोटो माणूस गप्पा मारत बघतो. खाली गप्पा मारता येत नाहीत."

त्या स्वतः चाळिशीत पोहायला शिकल्या, पाण्याची भीती वाटायची तरी. मलाही त्यांनीच हाताला धरून पाण्यात नेलं, चौकटी रोवायच्या कामावर घेतलं. आज माझं घर चालतं, पोरगी शाळेत जाते, ते त्यांच्यामुळं. हे आधीच सांगून ठेवतो — पुढं जे केलं ते अशा माणसाशी केलं.

जन्मभर पाण्याची वाट बघितलेल्या माणसांचे चेहरे पाण्यात लावायचे, असं ताईंनी ठरवलं. मी लगेच म्हणालो, माझी आत्या.

आत्यानंच मला वाढवलं, बसू हे लाडाचं नावही तिचंच. लहानपणी काच फुटलेली देवाची तसबीर नदीत सोडायला मी तिच्यासोबत गेलो होतो. दप्तरातला माझा शाळेचा फोटो काढून मी गंमत म्हणून पाण्यावर धरला, तर तिनं हातावर चापट मारली. "जित्या मानसाचा फोटू पान्यात जाऊ द्यायचा नसतो, बसू." आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसालाही मातीत बसवतात, पाण्यात राख सोडत नाहीत. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायला जागाच नाही — आहे का?

ताईंचा नियम एकच. आपला फोटो कुठं जाणार हे माणसाला नीट कळलं पाहिजे, आणि मग त्यानं हो म्हटलं पाहिजे. आम्ही गावी गेलो. आत्यानं विभूती लावली, ठेवणीतलं इरकल नेसली, गळ्यातलं लिंग पदरावर नीट दिसेल असं ठेवलं. फोटो काढून झाल्यावर ताई मला म्हणाल्या, "तू एकटाच जाऊन सांग. मी समोर असले तर भिडेपोटी हो म्हणतील. नाही म्हणायला त्यांना जागा असू दे." आणि त्या बाहेर लिंबाखाली जाऊन थांबल्या.

आत्यासाठी सोडलेली ती जागा — तीच मी वापरली.

आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. "काय म्हनायल्यात बाई?"

मी म्हणालो, समुद्राकाठी मोठा हॉल आहे, तिथं लावणार.

"काच हाय का त्याला?"

हाव, म्हणालो.

"मग लावू दे की. तुझ्या बाईचं काम हाय, मी कशाला न्हाई म्हनू?"

बाहेर येऊन ताईंना सांगितलं, समुद्राचं ऐकून हसली, पण हो म्हणाली. कशासाठी केलं? ताईंच्या कामात आपलंही माणूस असावं, त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवावी. एवढ्यासाठी.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी ताईंनी बोटीवर लोकांना सांगितलं, खालचा प्रत्येक चेहरा आपण कुठं चाललोय हे जाणून आलाय. पाण्यातून वर आलेल्या एक बाई रडत होत्या. म्हणाल्या, त्या विभूती लावलेल्या आजी श्वास घेतल्यासारख्या हलतात. मी गुंडाळलेलाच दोर पुन्हा गुंडाळत राहिलो.

पुढं आत्या आजारी पडली. लातूरला दवाखान्यात नेलंय, काही सांगता येत नाही, असा फोन आला. मी पाना घेऊन तसाच समुद्रात उतरलो. आत्याचा फोटो पाण्यातून वर आणायचाच होता. तीन बोल्ट सैल केले. चौथ्याला पाना लावला आणि मनात आलं — रिकामी चौकट बघून ताई विचारतील. काय सांगू? समोर आत्या, शेवाळाच्या पातळ थरामागून बघत होती. मी शेवाळ पुसलं. आणि तिन्ही बोल्ट परत कसले.

आत्या बरी झाली. त्यानं माझं काही हलकं होत नाही. मी बोल्ट कसले तेव्हा ती बरी होणार हे मला कुठं माहीत होतं?

सोमवारी देवळातून आली की ती फोन करते. माझ्या फोटूची काच पुसतेत का रे? हाव, मीच पुसतो. हे खरं आहे. ब्रश घेऊन मीच जातो खाली.

परवा म्हणाली, गल्लीतल्या बायकांना घेऊन येते म्हनलं, एकदा बघून जाऊ. "हॉलला पायऱ्या हायत का रे, बसू?"

तिच्या गुडघ्यांचं मला माहीत आहे.

हायत, म्हणालो. लई हायत.

मग म्हणाली, "तर मग ऱ्हाऊ दे. तू बघायलास न्हवं रोज. झालं की."