कुत्रं हुंगणार नाही असा माल

आमच्या वाघ्याला मी विष घातलं, असं शुक्रवार पेठेत अजून बोललं जातं. साफ खोटं आहे. मी त्याला चॉकलेट घातलं.

डोक्यावर घोंगड्या घेऊन गल्लोगल्ली हिंडत मी स्वतःचं दुकान उभं केलं, ते घासाघिशीच्या जोरावर. त्यातलं माझं हुकमी वाक्य एकच : "असल्या मालाला कुत्रं हुंगणार नाही!" (इथे समोरचा निम्मा खचतो.) विलायतेला परतलेल्या कुणा साहेबाच्या बंगल्यातलं सामान घेऊन चाँदभाई बाजारात बसला होता. त्यात चॉकलेटचा डबा दिसला. मी वाक्य टाकलं.

चाँदभाई म्हणाला, "सेठ, तुमे खाव, बच्च्यां कू खिलाव, पन कुत्ते कू नको देव."

मला वाटलं, मालाची शेखी मिरवतोय! आणखी दोन शिव्या हासडल्या आणि डबा निम्म्या भावात उचलला.

घरी बायकोनं तुकडा तोंडात घातला आणि थू करून टाकला. "अवो, कडू जहर हाय की! ह्याला कुत्रं हुंगायचं न्हाय!"

माझं वाक्य! माझ्यावरच! डोकं असं तापलं, की अख्खा डबा अंगणात वाघ्यापुढे उपडा केला. वाघ्यानं हुंगलं. मग चाटूनपुसून फस्त केलं.

"बघ!" मी गरजलो. "हुंगलं का न्हाय कुत्र्यानं?"

दिवेलागणीला वाघ्या ओकू लागला. पाणी प्यायला, पुन्हा ओकला. पाय लटलट कापत होते. छातीवर हात ठेवला, तर आत ताशा वाजतोय! बायकोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "लेकरावानी वाढवलाय वो म्या ह्याला!"

मी धावत जाऊन चाँदभाईला ओढत आणलं. "कुत्र्याला बाधतं, हे सांगता येत नव्हतं?"

"मैं तो बोल्या ना, सेठ! तुमेच भाव तोडते बैठे!"

(हा राग माझ्या मनात अजून आहे. गिऱ्हाईक भाव पाडत असताना खरं बोलणं, ही काय व्यापाराची रीत झाली?)

तिघंही वाघ्याभोवती बसून राहिलो. मी खंडोबाला नवस बोललो. जन्मात पहिल्यांदा, घासाघीस न करता!

उजाडता उजाडता वाघ्यानं शेपटी हलवली. वाचला! आनंदानं मी भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं मान फिरवली. तोच तुकडा बायकोनं धरला, तर गपकन खाल्ला.

बाजारात ते वाक्य मी आता बोलत नाही. बोलायला तोंड उघडलं, की चाँदभाईच ओरडतो, "सेठ, कुत्ता किसके हात का नै सूंगता, बोलू क्या?"