हद्दीच्या दगडापाशी

ब्रिटिश सैन्याबरोबरच्या संयुक्त सरावासाठी आमची कंपनी उत्तर इंग्लंडात बावीस दिवस होती. ब्रीफिंगमध्ये नकाशा पाहून मला गंमत वाटली. लोक सगळ्या मुलखाला यॉर्कशायर म्हणतात, पण कारभारासाठी त्याचे तुकडे पाडलेले. आपण नाही का स्वतःला वऱ्हाडातले म्हणतो आणि फॉर्मवर अमरावती विभाग लिहितो! मी सोनाळ्याचा, माझा जोडीदार नाईक विलास रोहिणखेडचा; दोन्ही गावं वऱ्हाडातलीच. तो म्हणाला, "इथीबी आपल्यासारखंच हाये बे."

सकाळी पीटी, मग माळावर पेट्रोलिंग. त्या माळावर झाड म्हणून नाही. धुकं उतरलं की पाय जमिनीवर आहेत की नाहीत, तेही कळत नसे. मेंढ्या समोर येत आणि विरून जात. झोपेत चालल्यासारखं वाटे. मला ते फार आवडायचं.

अकराव्या दिवशी १३१० वाजता विलास जुन्या खाणीच्या खड्ड्यात कोसळला. जीपीएस त्याच्याच पाउचमध्ये होता, तो फुटला; धुक्यात दिशाही कळेना. त्याचं पोट कडक होत चाललं होतं, म्हणजे आत रक्तस्राव. पाच पावलांवर यॉर्कशायर आणि डरहॅम या दोन काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, हद्दीचा दगड होता.

"कंट्रोल, मॅन डाउन. हद्दीचा दगड, नंबर सात."

"कोणती बाजू? यॉर्कशायर की डरहॅम? ओव्हर."

मी सांगेन त्या बाजूच्या दरीतून बचाव पथक चढणार होतं. दगडावर माझ्याकडे तोंड करून डरहॅमचा 'डी' कोरलेला. आपल्याकडे पाटीवर नाव वाचलं की ते गाव पुढे येतं. म्हणजे डरहॅम दगडापलीकडे.

"यॉर्कशायर. ओव्हर."

मी विलासचं डोकं मांडीवर घेतलं.

"रोहिणखेड किती दूर हाये बे?"

"जवळच हाये."

"मंग मले घरी नेऊन सोड."

"हाव. चाललोच आपण."

१४२० ला तो गेला. पथक १५०० ला आलं. त्यांच्या म्होरक्याने 'डी'वर हात ठेवून शांतपणे सांगितलं, ही डरहॅमची बाजू. इथे अक्षर आपल्याच जमिनीकडे तोंड करून असतं. डरहॅमकडून वाट जवळची होती, चाळीस मिनिटांची. विलास वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

सुट्टीत मी रोहिणखेडला गेलो. त्याच्या आईला म्हणालो, "आई, म्या चुकीची बाजू सांगितली."

त्यांनी चुलीवरची भाजी उतरवली.

"शेवटपर्यंत तू त्याच्यापाशीच होता ना?"

"हाव."

"मंग जेव."

मी रडत जेवलो. त्यांनी दोनदा भाजी वाढली.

नाईक विलास कुठे गेला, असं कुणी विचारलं तर मी आता नीट सांगतो. डरहॅममध्ये.