चव बघणारा माणूस

काकी गेल्यावर अंथुर्णे गावातल्या घरी भेटायला आलेला जो तो एकच शब्द बोलत होता, 'अन्नपूर्णा'. ओसरीवर बसून, चहाची कपबशी सांभाळत. यातल्या निम्म्या लोकांनी काकींनी वाढलेलं ताट पुढं आल्यावर "आज उपास हाय" म्हणून हात आखडता घेतलेला मी पाहिला आहे. काकी समोर असत्या तर म्हणाल्या असत्या, "कौतुक फुकट असतं, म्हणून लोक ढिगानं देतात." त्यांना कौतुक सोसत नसे. कुणी नावं ठेवली तर मात्र त्या पाट सरकवून देत आणि म्हणत, "बसा. नीट सांगा."

त्या माझ्या चुलती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि लोक देवदर्शनाला लागतात त्या वयात जगभरच्या स्वयंपाकाला लागल्या. घर माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यामुळे जग आमच्या घरात आलं ते शाकाहारी होऊन. मी बारामतीला एका कॉलेजात ग्रंथपाल. रविवारी एसटीनं जायचो, पिशवीत पाककृतींची इंग्रजी पुस्तकं असायची. मी वाचून मराठीत सांगायचो आणि त्या ऐकता ऐकता परसात काय उगवलंय ते आठवायच्या. थाई रश्श्याला मोरीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा. लेबनॉनच्या हरभऱ्याच्या वाटणाला घरचे तीळ. पुस्तकात ऑलिव्हचं तेल आलं की म्हणत, "घाण्याचं शेंगदाणा तेल. पुढं वाच."

लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात पास्त्याचा स्टॉल असतो, तिथं त्या मुद्दाम जात. एक चमचा तोंडात घालून प्लेट खाली ठेवत आणि आचाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणत, "नाव इटलीचं आणि चव बाटलीतल्या सॉसची. त्यापेक्षा भेळ खावी. ती निदान खोटं बोलत नाही."

आबा, म्हणजे माझे चुलते, यांना यातलं काही मान्य नव्हतं. ऊस आणि म्हशी सोडून तिसरा विषय त्यांना नव्हता. ताट पुढं आलं की चव न बघताच ते त्यावर चमचाभर काळं तिखट ओतत. एकदा काकींनी मक्याचा भरडा मंद आचेवर तासभर घोटून, वर भाजलेली वांगी आणि टोमॅटो घालून वाढला. आबांनी ताटाकडं पाहिलं.

"ह्यो भरडा न्हवं का?"

"हो. इटलीत खातात."

"आन आमच्या म्हशी काय इटलीच्या हायत व्हय?"

"म्हशी निदान आधी चव घेतात, मग शेपूट हलवतात," काकी म्हणाल्या. आबांनी तिखट ओतलं आणि ताट पुसून खाल्लं. चांगलं की वाईट, एक अक्षर बोलले नाहीत.

म्हणून चव सांगायचं काम माझ्याकडं होतं. सुरुवातीला मी "चांगलं झालंय" म्हणायचो. त्यावर त्या चिडत. "चांगलं म्हणजे काय? मीठ सांग, आंबट सांग. कुणाच्या वहीवर मी नुसतं 'चांगलं' लिहिलं नाही कधी." हळूहळू मी शिकलो. तीळ जास्त भाजलेत, लिंबू शेवटी हवं होतं, असं सांगू लागलो. त्या मान डोलवून पुस्तकाच्या पानात कागदाची चिठ्ठी घालून ठेवत. पुढच्या खेपेला ती चूक नसे.

मग त्यांचा आजार निघाला. औषधांनी तोंडाची चव गेली. सहानुभूती दाखवायला येणाऱ्या बायकांना त्यांनी दारातच वाटेला लावलं, पण चूल सोडली नाही. मला म्हणाल्या, "मला आता साखर आणि माती सारखीच. माझी जीभ आता तू. त्यात लबाडी चालायची नाही."

त्या रविवारी थाई रस्सा होता. त्यांनी मीठ दोनदा घातलं होतं. पहिला घास मला गिळवेना. समोर त्या उभ्या होत्या, डोक्याला रुमाल, हातात डाव. मी म्हणालो, "अगदी बरोबर झालंय, काकी."

तेवढ्यात आबा शेतावरून आले. भूक लागली होती, तिखटाची वाटी आणायलाही थांबले नाहीत. घास तोंडात घातला आणि तसाच मोरीकडं पळाले.

"आगं, समिंदर वतलाईस का काय ह्यात!"

काकींनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग आबांना विचारलं, "किती खारट?"

"चार बटाटं टाक. न्हायतर म्हशीबी त्वांड लावायच्या न्हाईत."

काकी बटाटे सोलायला बसल्या आणि पुष्कळ दिवसांनी हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून आबांची खुर्ची स्वयंपाकघरात आली. ज्या माणसानं आयुष्यभर काकींच्या स्वयंपाकाची टिंगल केली, तो डावातला रस्सा तळहातावर घेऊन चाटायचा आणि ओरडायचा, "अळणी!", "करपाट वास येतुया!", "हे कुणाच्या देशाचं हाय? त्यास्नी परत द्या!" आणि त्या शिव्यांच्या आधारानं काकी अचूक मीठ घालायच्या. मी पुस्तक वाचून दाखवायचो. ताट माझ्यापुढं यायचं ते सगळं ठरून झाल्यावर. 'कसं झालंय' हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.

मी दयेनं खोटं बोललो, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. दया कसली? ओसरीवरच्या त्या कपबशीवाल्यांत आणि माझ्यात फरक एवढाच की मी त्यांच्या आधी बोललो.

शेवटच्या रविवारी त्यांनी भाज्यांवर शेंगदाण्याचं वाटण घातलं होतं. मी घास घेतला आणि कुणी विचारलं नसताना म्हणालो, "काकी, लिंबू जास्त झालंय." खरंच झालं होतं.

 त्या आबांकडं वळून म्हणाल्या, "अहो, जरा बघता का? हा खरं सांगतोय का?"